बाबांच्या पसंतीचा प्लेअर

घरचा जुना रेकॉर्ड प्लेअर बंद पडल्यापासून बाबा एका जागी बसत नव्हते. जेवायचे तेही येरझाऱ्या घालत. शेवटी लेक त्यांना आणि त्यांच्या लाडक्या रेकॉर्डला घेऊन दुकानात आली. "बजेटमध्ये चांगला दाखवा." दुकानदाराने रेकॉर्ड तीन प्लेअरवर वाजवली. बाबा दुकानभर फिरत कुरकुरले, "काहीतरी राहतंय." "आजोबा, याहून स्वच्छ आवाज स्वर्गातच," दुकानदार म्हणाला. "तिथलाही ऐकून बघतो," म्हणत बाबा दाराकडे निघाले. लेकीने सर्वांत स्वस्त प्लेअरवर रेकॉर्ड ठेवली. दुसऱ्याच ओळीत सुई अडकली. बाबांनी वळून दाणकन पाय आपटला. सुई पुढे सरकली. घरी वर्षानुवर्षं हे काम त्यांच्याकडेच होतं. मग ते दुकानदाराच्या खुर्चीत निवांत बसले. "ताई, हा पीस खराब आहे," दुकानदार ओशाळला. "हाच बांधा," लेक म्हणाली, "आणि खुर्चीसुद्धा."