अंग निवेपर्यंत

“सोमवारपर्यंत लस, नाहीतर दुसरी भट्टी शोध,” मिलाग्रिंगनं सांगून टाकलं आणि हातातल्या पावाच्या पिशवीचं तोंड असं पिळलं, जणू ती किरिनोची मानच होती.

किरिनो भट्टीतली लाकडं सरळ करत राहिला. तिच्या सासऱ्याच्या काळापासून इलोइलो शहरातल्या या बेकरीत पाव भाजणारा माणूस, पण लसीचं नाव काढलं की शाळा चुकवणाऱ्या पोरासारखी कारणं. आधी म्हणाला पाऊस आहे. मग रक्तदाब वाढलाय, नर्स परत पाठवील. मग म्हणे, काल सुकी मासळी खाल्ली.

मिलाग्रिंग विटून गेली होती. काउंटरवरच्या नेनितानं तिच्याच हुकमावरून टोचून घेतलं होतं. अंग तुझ्या पोरीचं आहे की मालकिणीचं, असं शेजारणीनं विचारलं म्हणून नेनिताच्या आईनं तोंड वाकडं केलं, ते वेगळंच. पण मागच्या ऑगस्टात मिलाग्रिंगचा नवरा पाब्लो ही लस ज्या साथीवरची, त्याच साथीत गेला होता. शेवटचं तोंडही कुणी पाहू दिलं नव्हतं. आता तिच्या छपराखाली आणखी कुणी खोकत जायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. मग त्याला कुणी दादागिरी म्हणो.

“तुला नेमकी भीती कशाची वाटते, ते तरी सांग,” ती म्हणाली.

“पास्मा होईल, मनांग.” मालकिणीला तो मानानं मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा आणि पाब्लोला नोंग, म्हणजे दादा.

तापलेल्या अंगाला गार लागलं की नसा आखडतात आणि हात थरथरायला लागतात, तो पास्मा. डॉक्टर हसले असते. मिलाग्रिंगला हसता येईना. इस्त्री केल्यावर ती स्वतः हाताला पाणी लावत नसे. भट्टीपुढून उठलेल्या दंडावर स्पिरिटचा गार बोळा फिरवायचा आणि वर सुई. मग थरथरत्या हाताच्या पाववाल्याला कोण ठेवून घेणार, असं किरिनो खाली मान घालून सांगत होता.

हे एवढंच होतं तर. तिचा पारा आणखी चढला. अंग निवू दे, एक दिवस घरी बस आणि दुसऱ्या दिवशी जा, इतकं सोपं आहे, असं तिनं त्याला सुनावलं. त्यावर तो म्हणाला, नोंग पाब्लो होते तोवर रविवारी माझ्या जागी तेच भट्टीपुढे बसायचे. आता कुणाच्या भरवशावर सोडायची?

“मग विझवायची एक दिवस! सुट्टी मागायला तुझं तोंड कुणी धरलं होतं?”

किरिनोनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

“मागणारच होतो. तुम्ही नोंग पाब्लोंची राख घेऊन आलात ना, त्याच दिवशी. पण तुम्ही दारातूनच म्हणालात, किरिनो, ही विझू देऊ नकोस, नाहीतर मला या घरात पाऊल टाकवणार नाही.”

मिलाग्रिंगला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती मैद्याच्या पोत्यावर बसली. मग पदरचा सगळा वैताग गोळा करून, मघाच्याच आवाजात म्हणाली,

“विझव. हाही हुकूमच समज.”