गोदाबाईचा हुंकार

"थांबव," नत्थुजी महाराज म्हणाले. "हे माहं कीर्तन नाही."

अंकुरनं आवाज बंद केला. अमरावतीतल्या त्याच्या खोलीत पंखा तेवढा फिरत राहिला. टाळ तेच, मृदंग तोच, गळाही महाराजांचाच. गाव धरणाच्या पाण्याखाली जायच्या आधीचं ते शेवटचं काल्याचं कीर्तन अंकुरनं स्वतः टिपलं होतं. गावातले आणखी कितीतरी आवाज त्यानं जमवले होते. रहाटाची कुरकुर, पिठाच्या गिरणीची धडधड, चिंचेवरच्या बगळ्यांचा कालवा, शाळेत घंटा म्हणून टांगलेल्या लोखंडाचा ठणका. त्या सगळ्यांना गुंफून त्यानं एक संगीत बांधलं होतं आणि मधोमध हे कीर्तन ठेवलं होतं. उद्या नव्या वसाहतीतल्या देवळावर कळस चढायचा होता. तेव्हा ते वाजायचं होतं. ज्यांचं गाव बुडालं, त्यांना ते घटकाभर कानांनी तरी परत मिळावं.

एकच आवाज त्याच्याकडं नव्हता. आईचा.

गोदाबाईचा हुंकार साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. कीर्तनकारानं विचारावं, "हाय का नाही, मायबाप?" आणि बायांमधून सगळ्यांत आधी तिनं म्हणावं, "खरं हाय, बाप्पा." मग बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. एका नवख्या महाराजांनी एकदा तोच प्रश्न दोनदा विचारला, तर ही म्हणाली होती, "आता तं सांगितलं ना, बाप्पा." मृदंगवालाही हसला होता.

काल्याच्या त्या सकाळी अंकुरनंच तिला बजावलं होतं, "माय, आज मधात बोलू नको. रेकॉर्डिंग खराब होते."

"मंग देवालेही सांगून ये गप बसाले," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

तो देवळाच्या भिंतीमागं कानांना हेडफोन लावून बसला होता. अख्ख्या कीर्तनात हुंकार एकदाही आला नाही. माय कीर्तनाला बसली आणि बोलली नाही, असं कधी झालंच नव्हतं. म्हणजे रुसली, आलीच नाही. मग तोही रुसला. काही न विचारता, तोंडात काल्याची लाही टाकून, तसाच अमरावतीला निघून आला. नव्या वसाहतीत तिचा जीव काही रमला नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून तिच्या आवाजासाठी तो नात्यातल्या साऱ्यांचे मोबाइल धुंडाळत होता. लग्नांच्या व्हिडिओंत नुसता बँड.

"कुठी बिघडलं, महाराज?" त्यानं विचारलं.

"मी असा धावत कवा बोललो? माहं थांबणं कुठी गेलं?"

अंकुर जरासा हसला. "तुमी मधामधात गप बसत होते. मायबाप म्हणून विचारलं, का दोन श्वास काहीच नाही. कोणीच बोले ना. ऐकाले भकास वाटे. मी त्या जागा कापून टाकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

महाराजांनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, "लेका, त्या जागा माह्या नव्हत्या. गोदाबाईच्या होत्या."

"माय तं आलीच नव्हती."

"पुढंच बसेल होती. तुह्या माइकापाशी. पदराचा बोळा दातात धरून. मी विचारलं, का ती नुसती मान हलवे. डोयाले धार. मले जुनी सवय, मी वाट पाहो, का आता बोलन, आता बोलन. नाही बोलली. दह्याची हंडी फुटली, बाया हुंदके देऊन रडल्या, तवाही तिनं पदर काढला नाही. मी बोलली तं माह्या पोराचं काम बिघडन, असं मंग मले म्हणे."

अंकुरनं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. कापलेली पहिली जागा शोधून तिच्या ठिकाणी परत बसवली. बटण दाबलं.

"गोकुळ सोडून निंगताना," खोलीत महाराजांचा आवाज घुमला, "देवालेही एकडाव मागं पाहावं वाटलंच असंन. हाय का नाही, मायबाप?"

टाळ थांबले. मृदंग थांबला. खाटेवर बसलेल्या नत्थुजी महाराजांनी डोळे मिटले आणि तेही वाट पाहू लागले.

अंकुरनं उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेल्या दुपट्ट्याचा बोळा करून दातांत घट्ट धरला, आणि नुसती मान हलवली.