चौथा प्लॉट

गोटीराम दिंडोरीचा पक्का द्राक्षबागायतदार. फवारणीचा तक्ता भिंतीवर लावलेला, अन् तारीख चुकू नये म्हणून गडी सासऱ्याच्या दहाव्यालाही उशिरा पोचलेला.

बायकोच्या, नवसाबाईच्या, स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यावर डॉक्टरांनी पाच वर्षं रोज हार्मोनची गोळी सांगितली. दुसऱ्याच महिन्यात गोळ्या संपल्या, तेव्हा तो म्हणाला, "गाठ गेली ना? मग रोज रोज औषध कशाला? अंगाला बरं नसतं ते."

सकाळी तक्त्यात नवी ओळ दिसली : 'प्लॉट चार, रोज एक डोस, औषध संपलं.'

"आपले तर तीनच प्लॉट हायेत. ह्यो चौथा कुठला?"

नवसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.



"ह्यो काय, चुलीपुढं बसलाय. तीस वर्षं पीक घेताय, फवारणीचंच तेवढं जिवावर आलंय."