कान तुटलेला कप

दर रविवारी आम्ही चौघे युद्धवेडे दातांच्या डॉक्टरांकडे जमतो आणि नुकतं वाचलेलं एकमेकांच्या माथी मारतो.

आज आमच्यातल्या टेलरने एका वेढ्यावरचं पुस्तक उघडलं. शंभर वर्षांपूर्वीचा फोटो. मागच्या रांगेतल्या जाड्या सैनिकाच्या हातात कप.

"अरे, हा कप माझा!" डॉक्टर ओरडले. "कान तुटलेला! आठवडाभर शोधतोय."

हसत मी माझं पुस्तक काढलं. युद्ध वेगळं, देश वेगळा. जाड्या मात्र तोच, आता पहिल्या रांगेत. रिकामा कप त्याने आमच्याकडे पुढे केला होता.

"वर आणखी मागतोय, निर्लज्ज!" डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. कप पाच होते. पाचव्याचा कान तुटलेला.

"हा बिनसाखरेचा कुणाचा?" त्यांनी विचारलं. "आत्ता आत येऊन 'बिनसाखरेचा' म्हणत कप कोण देऊन गेलं?"