गाईजात्रेची रांग

तीर्थमानने पोटावर उशी बांधली, मान वाकडी केली आणि ओरडला, "यल्ला, यल्ला! चलो काम पे! मरना है तो छुट्टी के दिन मरो!"

बहारीनमधल्या सित्र्याच्या लेबर कॅम्पातली अख्खी मेस खदखदली. चारशे नेपाळी मजूर. काठमांडूचा हा कॉमेडीवाला त्यांना आजवर फक्त कॅसेटमधून ठाऊक होता.

नक्कल चालली होती कॅम्प मॅनेजर दत्तप्रसादची. खरा दत्तप्रसाद पहिल्या रांगेत बसून हसत होता. न हसून करतो काय? गाईजात्रेच्या सणाला मोठ्या माणसाची टिंगल करायची आणि त्याने रागवायचं नाही, हा नेपाळचा रिवाज तीर्थमानने त्याला आधीच सांगून ठेवला होता. दत्तप्रसादला वाटलं, झकास, आपण किती दिलदार ते तरी दिसेल. म्हणून त्याने लेबर ऑफिसचे दोन बहारीनी साहेबही बोलावले. त्यांच्या मधोमध बसवला आपला रत्नागिरीचा क्लार्क, कमाल. जोक अरबीत सांगायला.

रिवाज मात्र तीर्थमानने अर्धाच सांगितला होता.

त्याला हसवायचंच नव्हतं कोणाला. त्याचा धाकटा भाऊ ज्ञानमान जूनमध्ये इथेच मेला. तेलाच्या टाकीत उतरवला, आत गुदमरला. कंपनीने घरी कळवलं, झोपेत गेला. दत्तप्रसादचं हे खोटं त्याच्याच पाहुण्यांसमोर टराटरा फाडायचं, एवढ्यासाठी तीर्थमान आला होता. त्या कमालचाही त्याला राग. मालकाचा पोपट साला.

त्याने उशी सोडून फेकली. वाकडी मान सरळ केली.

"साब, गाईजात्रा मरे हुए लोगों की होती है," तो दत्तप्रसादला म्हणाला. "साल में जिसके घर का कोई गया, वो आज सबके सामने निकलता है. मेरा भाई आपकी टंकी में मरा. मैं पहला."

आणि स्टेजवरून उतरून तो थेट दत्तप्रसादच्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"कमाल," दत्तप्रसाद मराठीत फिसकारला, "हे सांगू नको त्यांना! जोक सांग कायतरी."



मागे बाक सरकला. एक म्हातारा वेल्डर येऊन तीर्थमानच्या मागे उभा राहिला, त्याचा मेव्हणा इथेच गेला होता. मग दोन चुलतभाऊ, दोघांचा एकेक भाऊ गेलेला. मग एकेक जण. नोकरी जाणार, व्हिसा जाणार, सगळ्यांना माहीत होतं. तरी येत होते. तीर्थमान एकाचा सूड घ्यायला आला होता, इथे त्याच्यासकट नऊ झाले. दत्तप्रसादचं तोंड पांढरंफटक पडलं. तीर्थमानने ते डोळे भरून बघितलं.

त्यानंतर त्याने कधी कोणाला हसवलं नाही. परतीचं विमान सोडलं आणि पुढची कितीतरी वर्षं मेलेल्या मजुरांसाठी भांडत कॅम्पाकॅम्पातून फिरला. पण आधीच्या माणसांनी त्याला इथे थांबवून घेतलं नव्हतं. थांबवलं दहाव्याने.

दहावा पहिल्या रांगेतून उठला.

"कुठं चाललास? बस खाली!" दत्तप्रसाद ओरडला.

कमाल रांगेत जाऊन उभा राहिला. आधी दोन्ही साहेबांना त्याने अरबीत सगळं सांगितलं, न अडखळता. मग दत्तप्रसादकडे वळला.

"'झोपेत गेला'चे दहाच्या दहा खोटे कागद मीच टाइप केलेत, साहेब. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा."