अकरा ताटल्या

पटावर अकराच पोरं उरली, म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायचं चाललं होतं. शाळा बचाव समितीच्या हौशीराम आप्पांनी गुरुजींसकट अकराही पोरं टेम्पोत बसवली आणि शिरूरला तहसील कचेरीवर मोर्चा नेला. मागं राहिली ती खिचडी शिजवणारी धुरपदा. पोरं भुकेजून येतील म्हणून तिनं अकरा ताटल्या धुऊन ओळीनं मांडल्या.

दुपारी, न कळवता, पट मोजायला साहेब आले. दोन्ही खोल्यांत डोकावून त्यांनी विचारलं, "मावशी, मुलं कुठं आहेत?"

"शाळा वाचवायला गेल्यात, साहेब."



साहेबांनी हजेरीपुढं शून्य लिहिलं, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून धुरपदानं याच शाळेत शिकलेली सही केली.