ग्रॉडॅकची परीक्षा

चित्रकथेतला ग्रॉडॅक हा यंत्रमानव दर महिन्याच्या अंकात एक ग्रह भुईसपाट करायचा आणि शेवटच्या पानावर मरायचा. आज मात्र सिनसिनाटीच्या खेळणी कंपनीत त्याचं खेळणं नियमाप्रमाणे कंबरभर उंचीवरून फरशीवर टाकलं, तर त्याचेच सहा तुकडे झाले.

"नापास!" हॅगर्टीसाहेब गरजले. "वांडा, तीस वर्षं खेळणी घडवतेस आणि सांधे चिकटवायला विसरलीस? म्हणे विश्वाचा कर्दनकाळ! फेकून दे."

"फेकते. आधी पोरांना तरी बघू द्या."

शेजारच्या खोलीत नवी खेळणी मुलांपुढे ठेवायची आणि आपण काचेआडून बघायचं, ही तिथली पद्धत. वांडाने ते तुकडे तसेच नेऊन टेबलावर ओतले. बाजूला त्याच चित्रकथेतला चकचकीत, न तुटणारा नायक उभा होताच.

टॅमी नावाच्या चिमुरडीने मुंडकं उचलून धडावर दाबलं. टक्! मग हात, मग पाय.

"अरे, हा मेलाच नाही!" ती किंचाळली आणि नायकाच्या लाथेने तिने त्याला खाली पाडलं. पुन्हा सहा तुकडे.

"आता मी जोडणार!"

"ए, आधी मला मारू दे!"

खोलीतली दहाही पोरं त्याच्यावर तुटून पडली. काचेआड साहेबांचं पेन थबकलं.

"वांडा, हे सांधे..."

"विसरले नव्हते, साहेब. दर महिन्याला मरतो ना तो? त्याला परत उठवायचं काम मी पोरांवर सोडलंय."